तिसरी गार

धामणगाव बढे
१७ नोव्हेंबर २०२५

मामांना नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ज्ञानेश्वरदादाच्या मोबाइलवर लिहिलं तर तुमच्याआधी सगळं घर वाचतं. म्हणून पत्र लिहिते आहे. हे फक्त तुम्ही वाचावं.

नाशिक सोडून मला अडीच महिने झाले. शेतकऱ्यांच्या कंपनीची ही लहान जिनिंग, आणि मी तिची व्यवस्थापक. नाशिकला पत्र्याच्या डब्यांचा कारखाना होता. पत्रा पेटत नाही. इथे हवासुद्धा पेटेल असं वाटतं, इतके तंतू तिच्यात तरंगतात. आल्याच्या दुसऱ्या दिवशी अध्यक्ष शेषरावभाऊंनी मला गोदामाची मागची भिंत दाखवली. कंबरेपासून वर काळी. दोन हंगामांपूर्वीच्या आगीची. चुना मारला तरी काळं पुन्हा वर येतं, म्हणाले. 

तुम्ही एकतीस वर्षं जिनिंगमध्ये काढलीत, तेव्हा हे तुम्हाला सांगायला नको. तरी आमच्याकडची रीत लिहिते. कापूस गंजीवरून ओट्यावर येतो. ओट्याचे तीन भाग आहेत. प्रत्येक भागावर सात-आठ बाया बसतात आणि कापसातून काडी, दोरा, खडा, खिळा काढतात. प्रत्येक भागाची मशीन वेगळी; ती सरकी वेगळी करते, उरलेल्या रुईच्या गाठी बांधतात, आणि गाठीवर भागाचा आकडा आणि तारीख असते. ओट्यावर काही घातक सापडलं की मशीनला जाणारा कापूस थांबवायचा आणि रजिस्टरात लिहायचं. रजिस्टरातल्या त्या रकान्याचं नाव 'दोष' आहे.

तीन भागांवर तीन प्रमुख आहेत. जानेवारीपासून त्यांतल्या एकाला सगळ्या मशीनघराचा प्रमुख करायचं आणि एकाला कमी करायचं, असं ठरलं आहे. निवड माझी.

हरिओम सत्तावीस वर्षांचा, बी.एस्सी. झालेला. नीट बोलतो. त्याच्या भागात हंगाम सुरू झाल्यापासून एकही दोष नाही. गोकुळ चाळिशीचा, मोताळ्याहून येतो. चांगला म्हणावा असं काही नाही, वाईट म्हणावा असंही नाही. दोन दोष. तिसरी समता. घरचा भाजीपाल्याचा मळा सांभाळून सात हंगाम इथे काम केलेलं. तिच्या भागात पहिल्या दोन आठवड्यांत आठ दोष. मी काहीही सांगितलं की 'काऊन?' म्हणते. बोलताना माझ्याकडे बघत नाही. मान एका बाजूला वळवून उभी राहते. दहा तारखेला मी तिला खोलीत बोलावलं आणि आठही नोंदी वाचून दाखवल्या. तेव्हापासून तिच्या भागात शून्य. रागावण्याचा उपयोग झाला, असं मी माझ्या तक्त्यात लिहिलं आहे.

माणसं जोखताना काय टाळावं याचं मी दोन दिवसांचं शिक्षण घेतलं आहे, मामा. एका गुणावरून सगळा माणूस चांगला ठरवू नये. शेवटचा आठवडा डोळ्यांसमोर ठेवून गुण देऊ नयेत. आपल्यासारखं बोलणारा तो हुशार, असं धरू नये. म्हणून मी माणसांकडे बघत नाही, आकड्यांकडे बघते. आकडे हरिओमच्या बाजूने आहेत. तरी तक्त्यावर सही करताना ती भिंत दिसते.

तुम्ही इतकी माणसं निवडलीत. कशी निवडलीत?

सुचिता


जळगाव जामोद
२० नोव्हेंबर २०२५

चि. सुचितास आशीर्वाद.

पत्र मिळालं. घरात कुणाला दाखवलं नाही.

'काऊन' म्हणजे 'का'. त्यात शिवी नाही. तुझी आई लग्न होऊन नाशिकला गेली आणि तो शब्द इथेच ठेवून गेली. तिच्याबद्दल तक्रार नाही. तिथे हसत असतील.

मोताळ्याचा गोकुळ म्हणजे कोणाचा, ते माझ्या लक्षात आलं. त्याचा बाप माझ्या हाताखाली अठरा वर्षं होता. सरळ माणूस. माझं मत विचारशील तर गोकुळ.

कशी निवडली विचारतेस. आकडे बघून निवडू नये, तोंड बघूनही निवडू नये. हात बघावा. आम्ही असं करायचो. लोखंडी नट घ्यायचा, त्याला लाल दोरा बांधायचा आणि कापसात खोल घालायचा. तिघांच्या कापसात एकाच वेळी, एकाच खोलीवर. कुणाला आधी कळता कामा नये, डोळ्यांच्या खुणेनेसुद्धा. मशीनच्या तोंडाशी लोहचुंबक आहे ना, ते आधी बघून घ्यायचं. ओट्यावर सुटला तर तिथे अडकतो. आणि नट परत मोजून ताब्यात आल्याशिवाय घरी जायचं नाही.

कोण काढतो ते बघ. काढल्यावर काय करतो तेही बघ.

एकतीस वर्षांत माणूस ओळखायला मी चुकलो नाही. तूही चुकणार नाहीस.

तुझा मामा
मोतीराम


धामणगाव बढे
२५ नोव्हेंबर २०२५

मामांना नमस्कार.

काल परीक्षा घेतली. तुमच्या पद्धतीत थोडा बदल केला. नट फार सोपा वाटला. हाताला जड लागतो, आणि लाल दोरा तर आंधळ्यालाही दिसेल. शिवाय चुंबकाने नव्हे, माणसाने पकडावं असं वाटलं. म्हणून नदीकाठच्या पांढऱ्या गारा घेतल्या, आवळ्याएवढे दगड. पांढऱ्यात पांढरं. प्रत्येकीवर शाईने आकडा घातला, एक, दोन, तीन. सकाळी बाया यायच्या आधी तिन्ही भागांच्या कापसात स्वतः घातल्या.

हरिओमने वीस मिनिटांत गार आणून दिली. तळहातावर ठेवून, रुमालावर. मी त्याला सकाळी एवढंच म्हटलं होतं की आज जरा डोळे उघडे ठेव. तेवढं मी कुणालाही म्हणाले असते.

गोकुळने जेवणानंतर आणली. म्हणाला, "हे तं पायाखाली आलं मॅडम, म्या काही पाह्यलं नाई." खरं बोलला, म्हणून त्यालाही गुण दिले.

समताने आणली नाही.

संध्याकाळी मी तिच्या भागावर गेले आणि विचारलं, आज कापसात काही सापडलं का. "नाई." मान तशीच वळवलेली. मी विचारलं, नक्की? "हाव." आणि पुढे निघून गेली. तेव्हा मला बरं वाटलं, हे तुमच्यापासून लपवत नाही. माझा तक्ता बरोबर होता. जे आकड्यांत दिसत होतं तेच परीक्षेत दिसलं. दहा तारखेनंतरचं शून्य हे तिने सुधारल्याचं नव्हतं, कापूस स्वच्छ आल्याचं होतं, असं आता वाटतं.

तक्ता पूर्ण केला. हरिओम प्रमुख. समता कमी.

मग आज सकाळी चहा घेताना लक्षात आलं की तिसरी गार माझ्याकडे नाही. मी ती घातली, आणि कुणी काढली नाही. ओट्यावर नाही, खालच्या केरात नाही. मी दोनदा बघितलं. म्हणजे ती पुढे गेली. दगडच आहे, चुंबकाने ओढायचा प्रश्न नाही. सरकीबरोबर बाहेर पडली असेल ना?

लवकर लिहा.

सुचिता


जळगाव जामोद
२७ नोव्हेंबर, दुपार

सुचिता,

तिसऱ्या भागाची मशीन थांबव. आधी थांबव, मग पुढचं वाच.

तुझे आजोबा चिलीम पेटवायचे ते तू पाहिलं नाहीस. डाव्या हातात गारगोटी, म्हणजे गारच. तिच्या कडेला चिमूटभर कापूस दाबून धरलेला. उजव्या हातात पोलादाचा तुकडा. एक ठोका मारला की कापूस ठिणगी धरायचा. जाळ दिसायचा नाही, नुसता लाल ठिपका, आणि ते त्यावर फुंकर घालायचे. त्याला चकमक म्हणतात. मशीनमध्ये पोलाद आहे, कापूस आहे, आणि फुंकर घालणारा पंखा आहे. नव्हती ती फक्त गार. ती तू घातलीस.

मी नट म्हटलं होतं. दोरा म्हटलं होतं. ज्याने मशीनला हात लावलेला नाही त्यालाच नट सोपा वाटतो. चूक माझी. काऊन नट, ते मी लिहायला हवं होतं.

ठिणगी पडली तर ती लगेच दिसतेच असं नाही. रुईबरोबर गाठीत जाते आणि तिथे झोपते. चार दिवस, आठ दिवस. चोवीस तारखेपासून तिसऱ्या भागाच्या जेवढ्या गाठी बांधल्या त्या गोदामातून काढून उघड्यावर ठेव, एकीपासून दुसरी दहा पावलं लांब. सकाळ-संध्याकाळ तळहात लावून बघ. वास घे. पाणी जवळ ठेव.

पोस्टाची वाट बघण्यात अर्थ नाही. पत्र मोताळ्याच्या बसच्या वाहकाकडे देतो आहे, तो ओळखीचा आहे.

आणि 'डोळे उघडे ठेव' हे तू फक्त हरिओमला म्हणालीस.

मामा


धामणगाव बढे
३० नोव्हेंबर २०२५

मामांना नमस्कार.

पत्र त्याच संध्याकाळी मिळालं. मशीन थांबवली. दुसऱ्या दिवशी पूर्ण उघडून साफ करून घेतली. कारण पट्टा सांगितलं. पट्टा घासतो आहे, म्हटलं. गार सापडली नाही. सरकीच्या ढिगात चार बाया लावल्या. काय शोधायचं ते सांगितलं नाही, फक्त 'काही वेगळं दिसलं तर' म्हटलं. रुक्मिणीबाई म्हणून एक म्हाताऱ्या आहेत त्यांच्यात. त्या म्हणाल्या, "काय हरवलं ते सांगा ना बाई, मंगळसूत्र हाय का नथ?" बाया हसल्या. मीही हसले.

शेषरावभाऊंचा दोनदा फोन आला. कापूस घेऊन गाड्या उभ्या आहेत. परवा दुपारी मी मशीन सुरू केली.

वीस गाठी पटांगणात ठेवल्या आहेत. हवा लागावी म्हणून, असं सांगितलं. मी दिवसातून सहा-सात वेळा त्यांच्यामधून फिरते. तळहात लावते. उन्हाने सगळ्याच कोमट असतात. कोमट किती म्हणजे गरम, ते मला कळत नाही. वास घेते तर प्रत्येक गाठीला जळका वास येतो, मग लक्षात येतं की शेताच्या बाजूने कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या जाळल्याचा वास आहे. काल एका गाठीला मी कान लावला. गोकुळने बघितलं. 

मशीन सुरू झाली की मी हातातलं काम सोडून ऐकत बसते. आवाजात काही बदल झाला असं वाटतं, मी उठते, तिथपर्यंत जाते, तर सगळं नेहमीसारखं असतं. समता त्या मशीनपाशी उभी असते, मान वळवून. परवा तिने मला विचारलं, "गाठी काऊन बाहेर काढल्या?" मी म्हटलं, तू तुझ्या भागाकडे बघ.

खरं सांगू का हे अजून ठरत नाही. व्यवस्थापकानेच कापसात दगड घातला, हे बाहेर गेलं तर शेषरावभाऊ मला ठेवणार नाहीत, आणि त्यांचं चूक नसेल. गार समतानेच सोडली. तिला कमी केलं की निदान पुढचा धोका टळतो. तक्त्यावर उद्या सही करणार आहे.

सुचिता


जळगाव जामोद
३ डिसेंबर २०२५

सुचिता,

सही केली असशील तर फाड. केली नसशील तर हे वाचेपर्यंत थांब.

मी तुला लिहिलं होतं की माणूस ओळखायला मी चुकलो नाही. ते खोटं आहे. तुझ्या मामीला माहीत नव्हतं. ज्ञानेश्वरला माहीत नाही. घरात सगळे समजतात की आमच्या जिनिंगला आग लागली तेव्हा मी नशिबाने वाचलो.

सन अठ्ठ्याण्णव. माझ्या हाताखाली कचरू नावाचा माणूस होता. मशीनवर माझ्यापेक्षा दोन वर्षं जुना. दिवसातून तीनदा मशीन थांबवायचा. कधी खडा, कधी गरम झालेला रोलर, कधी काहीच नाही, नुसतं "आवाज बराबर नाई". थांबवलेल्या प्रत्येक वेळेची नोंद माझ्याकडे यायची. महिन्याच्या शेवटी मालक विचारायचे, तुमच्या पाळीत एवढ्या वेळा बंद कशी? मी कचरूला सगळ्यांसमोर उभं केलं. म्हटलं, "तुह्या हाताला मशीन चालत नाई का बे, का तुले चालवाची नाई?" लोक हसले. तोही हसला.

त्यानंतर दोन महिने त्याच्या नावापुढे शून्य. मी मालकांना दाखवलं. म्हटलं, बघा, माणूस असा वळणावर आणावा लागतो.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी त्याच्या मशीनजवळून गेलो. तो रोलरवर हात ठेवून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. चांगलं दोन श्वास पाहिलं. काही बोलला नाही. मी समजलो, सगळं ठीक आहे. मी पुढे गेलो.

साडेदहाला रुई पेटली. अंबूबाई नावाची बाई आत होती, ओट्यावर बसायची. आठ दिवस दवाखान्यात होती. नवव्या दिवशी नव्हती. कचरूचे दोन्ही हात भाजले, तिला ओढताना. चौकशीला आले त्यांनी रजिस्टर बघितलं. दोष शून्य. मी वाचलो तो त्या शून्यामुळे.

कान मशीनने गेले हे खरं आहे. पण कान होते तेव्हा मी काय ऐकलं?

आता तुझा तक्ता. समताचं शून्य कोणत्या दिवसापासून सुरू होतं ते बघ. दहा तारीख. तू तिला आठ नोंदी वाचून दाखवल्यास तो दिवस. सुचिता, ते आठ दोष तिचे नव्हते. कापसात होते. तिने काढले. रजिस्टराच्या रकान्याला तुमच्याकडे 'दोष' म्हणतात, आमच्याकडेही तेच म्हणायचे. ज्याला सापडतो त्याच्याच नावापुढे तो चढतो.

आणि ती मान वळवते ती तुझ्याकडे पाठ करायला नाही. मशीनकडे कान ठेवते. कचरू तसाच उभा राहायचा.

गोकुळबद्दल लिहिलं तेही खोड. त्याच्या बापाला ओळखतो म्हणून लिहिलं. त्याला मी पाहिलेलंही नाही.

सगळ्यांना ओट्यापाशी जमव. मशीन बंद करून. कुणी गार घातली ते सांग. दुसरा उपाय नाही. भीती वाटेल. वाटू दे.

मामा


धामणगाव बढे
८ डिसेंबर २०२५

मामांना नमस्कार.

सही केली नव्हती. पेन हातात होतं, तेवढ्यात पत्र आलं, असं लिहिलं तर छान वाटेल, पण तसं नाही. तीन दिवस तक्ता खणात होता आणि मी खण उघडत नव्हते.

पाच तारखेला दुपारी तिन्ही मशीन बंद केल्या. सगळ्यांना ओट्यापाशी बोलावलं. शेषरावभाऊंनाही. मशीन थांबल्यावर इतकं शांत होतं की आपलाच आवाज दुसऱ्याचा वाटतो. मी सांगितलं. चोवीस तारखेला तिन्ही भागांत मी गारा घातल्या. परीक्षा म्हणून. हरिओमला मी त्या सकाळी आधीच सावध केलं होतं. तिसरी गार सापडलेली नाही. पट्टा घासत नव्हता. गाठी हवेसाठी बाहेर नाहीत.

 शेषरावभाऊ भिंतीकडे बघत होते. सत्यभामाबाई नावाच्या एक आहेत, त्या हळूच म्हणाल्या, "आमी तिथंच बसून होतो ना मॅडम." एवढंच. मामा, मी तिन्ही परीक्षार्थींचा विचार केला होता. ओट्यावरच्या बावीस बायांचा केला नव्हता.

मग समता पुढे आली. कमरेची पिशवी सोडली आणि ओट्यावर उलटी केली.

गार होती. शाईचा तीन आकडा तसाच. आणि नुसती गार नव्हती. दोन खिळे, विळ्याचं मोडकं टोक, सायकलच्या साखळीचा तुकडा, एक मोठी खडी, ट्रॉलीच्या साखळीचा हूक. दहा नोव्हेंबरपासूनचं सगळं.

ती म्हणाली, "तुमची गार त्याच दिशी सापडली. सकाळीच. आकडा पाह्यला तं समजलं, कोणीतरी मुद्दाम टाकली. म्हटलं, आता मलेच चोर करतात."

मी विचारलं, मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस.

"काऊन सांगू?" आवाज चढवला नाही तिने. "आठ खेपा सांगतलं. आठी खेपा तुम्ही माह्याच नावापुढं लिहिलं. मग म्या काढत गेली अन् पिशवीत टाकत गेली. मशीन त माही हाये ना. तिच्यात कशी जाऊ देऊ?"

आठ दिवस मी त्या गाठींमधून फिरत होते. तिला एक शब्द बोलायचा होता आणि मला एक. दोघीही भीत होतो, आणि ती मला भीत होती.

लहानपणी नाशिकच्या शाळेत मी एकदा 'काऊन' म्हटलं होतं. घरी आल्यावर आईने चापट मारली होती. ती चापट मी समताच्या तक्त्यात लिहिली, हे मला पाच तारखेला कळलं. प्रशिक्षणात हे नव्हतं.

मला वाटलं, संपलं. गाठी गोदामात परत नेऊ. लोक पांगायला लागले. तेव्हा मी सहज, खरंच सहज, हरिओमला विचारलं की तुझ्या भागात पहिल्या दिवसापासून शून्य कसं? एकाच गंजीचा कापूस तिघांकडे येतो.

 तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला शून्य आवडतं."

वाईट मुलगा नाही तो. डोळ्यांत पाणी होतं. सापडायचं ते भिंतीकडे फेकून द्यायचे, म्हणाला. थांबवायचं नाही, लिहायचं नाही, हात भरभर चालवायचे. सापडायचं ते. न सापडलेलं किती, ते त्याला माहीत नाही. एकदा मशीनमधून कट्ट आवाज आला होता. तारीख आठवत नाही.

त्याच्या भागाच्या एक्केचाळीस गाठी गोदामात आहेत. त्या काळ्या भिंतीला लागून. आधीच्या विकल्या गेल्या. कुठे गेल्या ते मला माहीत आहे. तिथे मी आज पत्र पाठवलं.

काय करू?

सुचिता


जळगाव जामोद
२३ डिसेंबर २०२५

सुचिता,

उत्तराला उशीर झाला. कारण शेवटी लिहितो.

सगळ्या गाठी भिंतीपासून काढून मोकळ्या रानात नेल्या नसतील तर आधी त्या न्या. नेल्यापासून पंधरा-वीस दिवस तशाच राहू द्या. घाई करू नका. बांधलेल्या गाठीत हवा कमी असते. उघडली की हवा जाते आणि झोपलेलं उठतं. म्हणून एका वेळी एकच गाठ उघडायची, पाण्याची टाकी जवळ, वारा पाठीवर घेऊन. कोणती आधी ते समतालाच विचार. तू ठरवू नकोस. मीही ठरवणार नाही.

कचरूला पत्र लिहिलं. त्याचा पत्ता मेहकरकडचा, तोही सत्तावीस वर्षं जुना. चार ओळी लिहिल्या. रजिस्टराचं लिहिलं. तो त्या दोन श्वासांत काय सांगणार होता, ते मला आता कळलं, असं लिहिलं. उत्तराची वाट बघत होतो म्हणून तुला उशीर.

काल कार्ड आलं. अक्षर दुसऱ्या कुणाचं आहे, त्याच्या हाताने लिहिता येत नसणार. दोनच शब्द आहेत.

आता काऊन?

मामा


धामणगाव बढे
४ जानेवारी २०२६

मामांना नमस्कार.

एक तारखेपासून समता मशीनघराची प्रमुख आहे. शेषरावभाऊ तयार नव्हते. म्हणाले, ती माणसांशी नीट बोलत नाही. मी म्हटलं, मशीनचं नीट ऐकते. कमी कुणालाच करायचं नाही, गाठी संपेपर्यंत तरी. माझं काय करायचं ते संचालकांच्या बैठकीत ठरेल. रजिस्टराच्या रकान्यावर कागद चिकटवून 'सापडले' असं लिहिलं आहे. खालचं 'दोष' उजेडात धरलं की अजून दिसतं.

काल सकाळी समताने गाठी बघितल्या. रानात एक्केचाळीस, ओळीने. ती प्रत्येकीपाशी थांबली. हात लावला नाही, नुसती मान वळवून उभी राहिली. सव्विसाव्या गाठीपाशी जास्त वेळ थांबली. म्हणाली, हे उघडा.

"काऊन?" मी विचारलं. तोंडातून तसंच निघालं. रुक्मिणीबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"माहीत नाई," समता म्हणाली. "वास येऊन राह्यला. नसन पण."

मला कसलाच वास येत नव्हता. गोकुळने पट्ट्या तोडल्या. हरिओम पाण्याच्या नळीपाशी उभा होता, दोन्ही हातांनी ती धरून. गाठ सुटली की रुई फुगते, मामा, तुम्हाला माहीत असेल. एकदम मोठा श्वास घेतल्यासारखी. तेव्हा सगळे एक पाऊल मागे सरले. समता सरली नाही. तिने थर बाजूला करायला सुरुवात केली. पांढरे, पांढरे, पांढरे. मग तिचा हात थांबला.

मध्ये तपकिरी डाग होता. तळहाताएवढा. कडा काळ्या, आत राखेची भुकटी, शेंगदाण्याएवढी. त्याच्या भोवती सगळी रुई दुधासारखी.

आम्ही वाट बघितली. डागातून काही उठलं नाही. समताने त्यावर हात ठेवला, आणि मग मला खुणेने बोलावलं. मी ठेवला.

गार होता.

"झोपली होती," ती म्हणाली. "उठली नाई."

तिने रजिस्टर उघडलं. गाठीवरची तारीख एकोणीस नोव्हेंबर, माझ्या परीक्षेच्या पाच दिवस आधीची. त्या दिवसाच्या पानावर हरिओमच्या भागापुढे शून्य आहे, आणि शेजारी माझ्या अक्षरात 'उत्तम'. कोणाच्या नावापुढे लिहू, तिने विचारलं. मी पेन घेतलं आणि माझं नाव लिहिलं.

कचरूकाकांना तुम्ही उत्तर लिहिलंत का? लिहा. काय लिहायचं ते मला सुचत नाही.

काल एक उघडली, आज एक. एकोणचाळीस उरल्या आहेत.

सुचिता